गुरं कोण राखणार?

विज्ञानाचे प्रयोग घेऊन शाळाशाळांमधून हिंडताना आम्हांला एक दृश्य पुष्कळदा दिसतं. वर्गात पाण्याची बादली ठेवलेली असते. काय तरंगेल, काय बुडेल, याचे अंदाज मुलं हिरिरीने सांगत असतात. आणि खिडकीच्या गजांपलीकडे कुणीतरी उभं असतं. एकदा अशीच एक दहा-अकरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. साध्या पाण्यात बुडालेला बटाटा भरपूर मीठ घातल्यावर वर का आला, असं आम्ही वर्गाला विचारलं. वर्ग विचारात पडला. उत्तर खिडकीतून आलं, "पाणी जड झालं म्हणून."

नंतर गुरुजींकडे चौकशी केली. ते म्हणाले, "आपल्याच पटावर आहे की ती. पण आई कामावर गेली, की धाकट्याला कोण बघणार?"

शाळेला फी नव्हती. पुस्तकं मिळाली होती. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. मुलीला शिकायची आवड होती आणि बुद्धीही होती. तरी ती भिंतीच्या बाहेरच राहिली.

मोजमापाचं कोणतंही साधन वापरताना ते काय मोजतं याइतकंच ते काय मोजत नाही, हेही ठाऊक असावं लागतं. शाळेचं हजेरीपत्रक हे असंच एक साधन आहे. मूल आलं की नाही एवढंच ते सांगतं. आलं नाही तर त्या वेळी ते कुठे होतं, याला त्यात रकाना नाही. मग ती रिकामी जागा आपण अंदाजाने भरतो : 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही', 'या मुलांना गोडीच नाही'. या अनुमानांना पुरावा किती असतो? आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात काही माणसांनी हा रिकामा रकाना भरून पाहिला होता. त्यांना काय दिसलं आणि त्यावर त्यांनी काय केलं, ते या लेखात पाहू.

१८८२ सालचं एक निवेदन

हिंदुस्थानातल्या शिक्षणाची पाहणी करण्यासाठी १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने एक आयोग नेमला. या आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी एक निवेदन सादर केलं. त्यांच्या गाठीशी तीन दशकांहून जास्त काळाचा अनुभव होता. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवत. पुढे महार-मांग मुलांसाठी शाळा निघाल्या. १८५५ मध्ये दोघांनी आपल्या घरी रात्रशाळा सुरू केली. दिवसभर कामात असलेल्या माणसाला रात्रीखेरीज वेळ नसतो, ही गोष्ट त्यांनी तेव्हाच हेरली होती.

त्या काळी सरकारचं धोरण असं होतं, की वरच्या वर्गांना उच्च शिक्षण द्यावं, म्हणजे ते हळूहळू खाली झिरपेल. फुल्यांनी या समजुतीवर बोट ठेवलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो तो वरच्यांच्या शिक्षणावर. इतक्या वर्षांत खाली काय झिरपलं, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

पण आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे तो त्यांनी केलेला कारणांचा शोध. महार-मांगांची मुलं शाळेत दिसत नाहीत, कारण जातीच्या विटाळामुळे त्यांना तिथे बसूच दिलं जात नाही, असं ते सांगतात. शेतकऱ्यांबद्दल मात्र ते वेगळं कारण देतात. खेड्यांतले बहुतेक शेतकरी शाळेपासून दूर राहतात ते कमालीच्या दारिद्र्यामुळे, आणि गुरं राखायला व शेतं सांभाळायला त्यांना मुलं लागतात म्हणून. गरिबांची थोडी मुलं शाळेत येतात, पण टिकत नाहीत. मिळेल ते काम हाती आलं, की शाळा सोडतात.

इथे दोन अडथळे वेगवेगळे मांडले आहेत, हे ध्यानात घ्यायला हवं. एका मुलासाठी दार बंद आहे. दुसऱ्यासाठी दार उघडं आहे, पण त्यातून आत जायला त्याच्याकडे मोकळे तास नाहीत. पहिल्या अडथळ्याला जो उपाय चालेल, तो दुसऱ्याला चालेलच असं नाही. दोन्ही अडथळे एकाच घराच्या वाट्याला आले, तर मग विचारायलाच नको.

फुल्यांचे उपायही या निदानातूनच निघाले होते. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं. मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्यावीत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे नांगराची मूठ धरायची त्यांना लाज वाटणार नाही आणि लोकांच्या गरजा त्यांना समजतील. अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची व आरोग्याची माहितीही असावी. परीक्षेच्या निकालावर शाळांना अनुदान देण्याची जी पद्धत होती, ती गरीब वस्तीला लागू पडणार नाही, असाही इशारा त्यांनी दिला. हे अगदी रास्त होतं. ज्या मुलांना अर्धं वर्ष शेतात राबावं लागतं, त्यांच्या निकालावर जो शिक्षक पोट भरू पाहील, तो दुसऱ्या वस्तीतच शाळा काढेल.

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी स्थानिक मंडळांवर सोपवावी असं सुचवलं. सक्तीची शिफारस मात्र केली नाही.

कायदा आणि घरचा हिशेब

सक्तीचा पहिला मोठा प्रयोग बडोदा संस्थानात झाला. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू केलं. अनुभव घेऊन १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. आधी लहान प्रमाणावर करून पाहायचं आणि मग विस्तार करायचा, ही रीत आम्हां प्रयोग करणाऱ्या माणसांना ओळखीची वाटते. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे.

बडोद्याचा दाखला डोळ्यांपुढे ठेवून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते फारच सौम्य होतं. सरकारच्या परवानगीने, ज्या स्थानिक संस्थेची तयारी असेल तिनेच आपल्या हद्दीत सक्ती करायची होती. सुरुवात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून होती. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घ्यायची नव्हती. एवढं असूनही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं.

यानंतर पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांनी एकत्र बसावं, असा आदेश दिला. म्हणजे बंद दार उघडायचं काम त्यांनी सत्तेच्या बळावर केलं.

आता दुसऱ्या अडथळ्याकडे वळू. पालकाला दंड करण्यामागचं गणित असं असतं, की मूल घरी ठेवणं महाग पडलं तर तो ते शाळेत पाठवेल. पण हातावर पोट असलेल्या घराचा हिशेब मांडून पाहा. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, म्हणून आई रोजावर जाऊ शकते. मुलगा गुरांमागे जातो, म्हणून गुराख्याला दाणे द्यावे लागत नाहीत. मुलं शाळेत गेली, की फी शून्य असली तरी आईची मजुरी बुडते आणि गुराख्याचे दाणे वाढतात. शाळेची ही खरी किंमत. ती कुठल्याच पावतीवर छापलेली नसते. ज्या घरात दोन वेळची मारामार आहे, तिथे दंड बसला तर ही किंमत कमी होत नाही, उलट घराच्या डोक्यावर आणखी एक बोजा चढतो.

शाहू महाराजांना याची जाण होती, असं त्यांच्या वसतिगृहांवरून दिसतं. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. वसतिगृह म्हणजे नुसतं राहण्याचं ठिकाण नव्हे. खाणारं एक तोंड घरातून कमी होतं आणि मुलाचे सगळे तास अभ्यासाला मिळतात. भाऊराव पाटलांनी हीच वाट पुढे नेली. १९१९ मध्ये त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. निरनिराळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतः कष्ट करून वसतिगृहाचा खर्च हलका करत. मुलाचे श्रम घराला हवे असतात, मग त्याच श्रमांवर त्याचं शिक्षण उभं करू, असा हा विचार होता.

मात्र वसतिगृहं त्यातल्या त्यात मोठ्या मुलांना उपयोगी पडत होती. सहा-सात वर्षांच्या, त्यातही मुलींच्या बाबतीत प्रश्न जागचा हलला नव्हता.

अंगणात आणि कुरणात

ताराबाई मोडक या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या शिक्षिका. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथे मुलं येत ती मध्यमवर्गाची. खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत हे बालशिक्षण पोचेल का, हे पाहण्यासाठी १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीला बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. इथे ताराबाई-अनुताईंनी जे केलं, ते आपण नीट पाहावं. मुलं येत नाहीत, या निरीक्षणाला त्यांनी पालकांचा दोष न मानता आपल्या रचनेतली चूक मानलं. मुलं येत नसतील तर आपण जाऊ, असं म्हणून त्या वाड्यावर गेल्या आणि तिथल्याच एखाद्या अंगणात त्यांनी बालवाडी भरवली. तीच अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात असे. माँटेसोरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे आणि पानं वापरून रंग, आकार, मोजणी शिकवली जाई. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

१९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. भोवती वारल्यांचे पाडे होते. या भागात जमीनदारांची वेठबिगारी किती क्रूर होती, हे गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकातून मराठी वाचकांना ठाऊक आहे. वेठीविरुद्धचा वारल्यांचा लढा १९४५ मध्येच पेटला होता. आपल्या स्वतःच्या दिवसावरही ज्यांची मालकी नव्हती, अशा आईबापांची ही मुलं होती. त्यांना 'शिक्षणाचं महत्त्व' समजावून सांगायला जाणं म्हणजे भुकेल्याला पचनक्रिया शिकवण्यासारखंच होतं.

कोसबाडला दोन अडचणी पुन्हा पुन्हा पुढे आल्या. मुलींच्या कडेवर भावंडं आणि मुलांच्या मागे गुरं. पहिलीवर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मुलीने भावंडाला घेऊनच यायचं, त्याला पाळणाघरात ठेवायचं आणि आपण वर्गात बसायचं. या रचनेचं नाव 'विकासवाडी'. दुसरीवर उपाय त्याहून साधा होता. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षकानेच जायचं. हीच ती प्रसिद्ध 'कुरणशाळा'. गुरं चरत असतात, तेवढ्या वेळात झाडाखाली अक्षरं आणि अंक शिकवायचे. झाडं, पाखरं, किडे ही तर मुलांच्या रोजच्या ओळखीची मंडळी. निसर्गाचा अभ्यास करायला बाहेर कुठे जावं लागत नव्हतं.

'गुरं कोण राखणार?' या प्रश्नाला कोसबाडने दिलेलं उत्तर असं होतं : तूच राख, आम्ही तिथे येतो.

हीच रीत पुढे अनेकांनी आपापल्या ठिकाणी वापरली. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेशेस'चं पहिलं पाळणाघर सुरू केलं. नंतर हे काम मुंबई-पुण्यातही आलं. वसई परिसरात वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या.

दुसरी बाजू

मुलाच्या कामाभोवती शाळा बेतायची, हे ऐकायला छान वाटतं. पण त्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. गुरं राखत शिकणारं मूल दिवसाकाठी एक-दोन तास शिकणार आणि शहरातलं मूल पाच तास शिकणार. मग ही बरोबरी झाली का? १९७९-८० पासून केंद्र सरकारने काम करणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचा कार्यक्रम राबवला, तेव्हा हाच धोका प्रत्यक्षात दिसू लागला. वेळ थोडा, मानधन तुटपुंजं, साधनं अपुरी. गरिबांसाठी दुय्यम शिक्षण, आणि वर बालमजुरीला मूक संमती, अशी टीका झाली. ती चुकीची नव्हती.

आंध्र प्रदेशातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात (आता तो तेलंगणात आहे) एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून नेमकी उलटी भूमिका घेतली. शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेचं म्हणणं होतं, की जे मूल शाळेत नाही ते कामावरच आहे असं समजावं, मग ते मजुरी मिळवत असो की घरचं काम करत असो. त्याच्या कामाला जुळवून घेऊ नका, त्याला कामातून सोडवा. अशा मुलांसाठी त्यांनी निवासी शिबिरं घेतली. मागे पडलेला अभ्यास तिथे भरून काढला आणि वयाला योग्य अशा वर्गात, नेहमीच्या सरकारी शाळेत मुलांना बसवलं. पालक इतके उदासीन नसतात, गावाने मनावर घेतलं तर घरचा हिशेब बदलू शकतो, असा त्यांचा अनुभव होता. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यातही वयानुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण, हीच तरतूद आहे.

घरचा हिशेब बदलायचा आणखी एक मार्ग म्हणजे शाळेतलं जेवण. मद्रास राज्यात कामराज यांनी १९५६ मध्ये दुपारचं जेवण सुरू केलं. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशव्यापी योजना आली, पण बऱ्याच राज्यांत ती कोरडं धान्य वाटण्यापुरतीच होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला. दंडाने शाळेचा जो खर्च कमी होत नव्हता, तो एका वाटीभर खिचडीने काही अंशी भरून निघतो. फुल्यांनी १८८२ मध्ये शिष्यवृत्त्या मागितल्या, त्यामागचा तर्कही हाच होता.

मग कोसबाड बरोबर की रंगारेड्डी? आमच्या मते कोसबाडची पद्धत ही पहिली पायरी आहे. जिथे उद्या सकाळी मूल कुरणातच असणार आहे, तिथे शिक्षकाने कुरणात जाणं भाग आहे. पण कुरणातच थांबून भागणार नाही. त्या मुलाला पूर्ण दिवसाची, चांगली शाळा मिळेपर्यंत काम अपुरंच आहे. विकासवाडीचं पाळणाघर म्हणूनच जास्त मोलाचं वाटतं. ते मुलीच्या कामाशी जुळवून घेत नाही, ते काम तिच्या कडेवरून उतरवून घेतं.

आणि नेमकी हीच जागा आजही मोकळी आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षण मिळतं ते तीन वर्षांपुढच्या मुलांना, आणि तेही काही तासच. खिडकीबाहेरच्या त्या मुलीचा भाऊ दीड वर्षाचा होता. त्याला दिवसभर सांभाळणारी सोय गावात नव्हती. कायद्याने तिचा हक्क मान्य केला, पण तिचे तास मोकळे केले नाहीत.

एक रकाना आखून पाहा

शिक्षक-मित्रांनो, धोरणं ठरवणं आपल्या हातात नाही, पण निरीक्षण करणं आहे. पुढच्या महिन्यात हजेरीपत्रकाशेजारी एक साधी वही ठेवून पाहा. जे मूल महिन्यात आठ-दहा दिवस गैरहजर आहे, त्याच्या नावापुढे एकच गोष्ट लिहा : सकाळी अकरा वाजता ते कुठे होतं? रागावून विचारू नका, चौकशी करा. वरच्या वर्गातले विद्यार्थी यात मदत करू शकतील. गावाचा नकाशा काढून त्यावर त्या जागा टिपता येतील. पाणवठा, कापसाचं शेत, बांधकाम, पाळण्याची दोरी. गैरहजेरी कोणत्या महिन्यात वाढते, मुलींची कशामुळे वाढते आणि मुलग्यांची कशामुळे, याचा तक्ता करता येईल. हासुद्धा विज्ञानाचा प्रकल्पच आहे, आणि बादलीतल्या बटाट्यापेक्षा तो कठीण आहे.

तक्ता तयार झाला, की कदाचित असं दिसेल, की सात मुली केवळ लहान भावंडांमुळे घरी आहेत. 'पालक उदासीन आहेत' या वाक्यावर ग्रामसभा काहीच करू शकत नाही. 'आपल्या गावात एक पाळणाघर हवं, सात मुली शाळेत येतील' या वाक्यावर मात्र काहीतरी करता येतं. निदान ते वाक्य कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं, आणि ते म्हणण्यासाठी लागणारी नोंद शिक्षकाखेरीज दुसऱ्या कुणाकडे असणार?